अर्ध्या वाटेवरची बेकरी

दर गुरुवारी अकराच्या सुमारास
सेड्रिक पायबस येतो उत्तरेकडून, लॉन्सेस्टनचा,
आणि लिंडसी डिरीन दक्षिणेकडून, होबार्टचा.
माझी बेकरी बरोबर मध्ये.
म्हणजे सेड्रिकच्या मते जरा दक्षिणेला,
लिंडसीच्या मते जरा उत्तरेला,
आणि पेट्रोल दोघांचंही जास्त जळतं.

दोन स्कॅलप-पाई, एक किटली चहा,
मग सुरू होतं.
सेड्रिक म्हणतो, आमच्याकडे गावातच घळ आहे,
घळीत मोर फिरतात.
लिंडसी म्हणतो, फिरणारच,
माणसं आठ वाजता झोपल्यावर रस्ते कुणी वापरायचे?
आमच्या डोंगरावर भर उन्हाळ्यात बर्फ पडतो कधी कधी.
तरीच, सेड्रिक म्हणतो, राजधानी तिथे ठेवलीय,
थंडीत वस्तू नासत नाहीत.
मंत्र्यांना हा नियम लागू नाही एवढंच.

बिअरचा विषय मी दुकानात निघू देत नाही.
एकदा निघाला होता.
खिडकीची ती काच नवी आहे.

एक गोष्ट मात्र दोघंही बोलत नाहीत.
सदुसष्टच्या वणव्यात होबार्टच्या कडेची घरं जळाली
तेव्हा सेड्रिकच्या बापानं रातोरात ट्रक काढला होता,
मागे घोंगड्या, पुढे नऊ वर्षांचा सेड्रिक,
काच बंद, तरी नाकात धूर.
लिंडसी सेड्रिक उठून बाहेर गेला की मला हळूच सांगतो,
त्यातली एक घोंगडी आमच्या घरी आहे अजून.
टोचते फार, म्हणतो. उत्तरेची लोकर.
पण थंडीत दुसरी कुठली काढल्याचं
त्याच्या बायकोला आठवत नाही.

तर परवाच्या गुरुवारी
माझ्या नणंदेनं ब्रिस्बेनहून पाठवलेलं
चहाचं फडकं मी टेबलावर अंथरलं.
देशाचा नकाशा, रंगीत.
वाळवंट, कांगारू, बंदरावरची शिडं,
एक हसरी मगरसुद्धा.
आणि मगरीपासून खाली येत येत
मुख्य भूमी संपली, निळं पाणी सुरू झालं,
पाण्यानंतर शिवण.

शिवणीच्या आत आम्ही नव्हतो.

दोघांनी एकदम टोप्या काढल्या,
मयताला काढतात तशा.
किटलीवरचं झाकण तेवढं वाजत होतं.
मग लिंडसी म्हणाला,
"ह्यांनी आपल्याला काढून टाकलं, सेड."

आपल्याला.
एकोणीस वर्षांत त्या टेबलावर
हा शब्द पहिल्यांदा आला.
मी पाव कापायची थांबले.

सेड्रिकनं माझा खोक्यांवर लिहायचा पेन मागितला.
आमचं बेट हृदयासारखं आहे म्हणतात,
त्यानं काढलं ते अक्कलदाढेसारखं झालं.
लिंडसी हसला नाही.
"दक्षिणेचे फाटे तुला काय कळणार, दे इकडे,"
म्हणत त्यानं खालचा किनारा कुरतडून दिला,
ब्रूनीचा तुकडा बाजूला लावला.
सेड्रिकनं वर फ्लिंडर्स काढलं, किंग काढलं,
आणि कुणी न विचारता म्हणाला,
आपल्याशिवाय हा देश म्हणजे
टाचेशिवायचा मोजा.
चहावर साय आली.
बाहेर दोन मेंढ्यांचे ट्रक हॉर्न देऊन निघून गेले.

मग अर्थातच ठिपक्यांपाशी आले.
राजधानीचा मोठा, लिंडसी म्हणाला.
कुठल्या नियमानं, सेड्रिक म्हणाला.
एकानं एक ठिपका दिला, दुसऱ्यानं त्याहून जाड,
पहिल्यानं पुन्हा, दुसऱ्यानं पुन्हा,
आणि पेन गळका, कापड सुती.

ते फडकं मी धुतलेलं नाही.
काउंटरमागे खिळ्यावर असतं.
शाई अजून पसरतेय बहुतेक,
दोन्ही ठिपके सरकलेत एकमेकांकडे,
मधला रस्ता आखडत चाललाय.
येत्या गुरुवारी लिंडसी फूटपट्टी आणणार आहे.
कुणाचा ठिपका जास्त सरकला,
हे एकदा ठरायलाच हवं, म्हणतात.