विकतचा समुद्र

माझा नवरा दिवसभर पाणी बाहेर काढतो.
पंपघरात, बांधाच्या अलीकडे,
जिथे आमची कुरणं समुद्राच्या सव्वा मीटर खाली आहेत
आणि मेंढ्यांना त्याचा पत्ता नाही.
संध्याकाळी घरी येऊन
वीब्रेन कोपरापर्यंत हात धुतो, साबण न लावता,
आणि बैठकीतल्या काचेत
मोजून मीठ कालवतो.

चारशे लिटर समुद्र आहे आमच्याकडे.
वीजबिल येतं तेव्हा मी म्हणते, भरती आली.

तारे आले ते एका दगडाबरोबर.
पहिला पाहिला धाकट्या फ्राउकेने.
काचेवर पांढुरका ठिपका, नखाएवढाही नाही,
दोन हात लांब, तीन आखूड,
घाईघाईत कातरल्यासारखा.
तिने लगेच त्याला नाव दिलं: सीत्स्के.
महिन्याभरात साठ सीत्स्के.

त्यांना जोडीदार लागत नाही.
एक हात सोडायचा आणि पुढे निघायचं.
मागे राहिलेल्या हाताला बाकीचे हात फुटतात,
पुढे गेलेल्यालाही काही कमी पडत नाही.
वीब्रेनने पहिल्या रात्री एकीला पात्याने चिरली.
तीन आठवड्यांनी दोघी
शेजारी शेजारी चरत होत्या.
पातं मी परत घेतलं.

दगडावरचा गुलाबी थर खरवडत जात,
मागे पांढऱ्या वाटा.
मग बटणांएवढी हिरवी प्रवाळं मिटली,
ज्यांच्यासाठी त्याने सायकल विकली होती.
मग मात्र रात्रीचं जागरण,
लाल विजेरी माझ्या हातात, चिमटा त्याच्या,
मुरंब्याची रिकामी बरणी दोघांच्या मध्ये,
आणि पंपघरातली सवय म्हणून वहीत नोंद:
मंगळवार, एकतीस.
बुधवार, सत्तावीस.
गुरुवार, चव्वेचाळीस.
गुरुवारपुढे त्याने काही लिहिलं नाही,
पेनचं टोपण चावत बसला.

हार्लिंगेनहून तेत्स्ये आली. सत्तरीची,
पूर्वी फेरीबोटीवर तिकिटं फाडायची.
कोटाच्या आत लोकरी मोजा,
मोज्यात पिशवी, पिशवीत कोळंबी:
दुधी अंगावर जांभळे डाग,
पंजे पसरट, उघडलेल्या पंख्यासारखे.
"उसनी देतेय," ती म्हणाली. "परत हवी."

कोळंबी घाई करत नाही.
सीत्स्केला उताणी करते,
एका हाताच्या टोकापासून सुरुवात करते.
बाकीचे चार हात
चालतच असतात, हवेत, म्हणजे पाण्यात.
मी बटाटे सोलायला गेले.
लागणार होते त्याहून जास्त सोलले.

सहाव्या आठवड्यात वहीत शून्य.
दुसऱ्या दिवशीही शून्य, जरा मोठं काढलेलं.
प्रवाळं उघडली.
वीब्रेन घरात शीळ घालत फिरला.

आणि कोळंबी एका कपारीत बसून राहिली.
तिला दुसरं काही चालत नाही.
शिंपल्याचा तुकडा दिला, मागे सरकली.
बाजारातलं गोठवलेलं दिलं, पाठ फिरवली.
तेत्स्येला फोन केला तर ती म्हणे,
माझ्याकडे तरी कुठे उरलेत?
तेव्हा माझा नवरा, वय एक्कावन्न,
स्वयंपाकघरात उभा राहून अनोळखी लोकांना विचारत होता:
"तुमच्याकडे उपद्रव आहे का हो?
थोडा मिळेल?"

मिळाला. स्नेकच्या एका दंतवैद्याने
डबाभर दिला, वर आभारही मानले.

आता खिडकीत एक वाडगा आहे,
त्याला वेगळी हवेची नळी, वेगळा दिवा.
फ्राउके त्यांना शेवाळ्याची वडी घालते
आणि वहीत आकडा वाढला की
बाप लेकीला टाळी देतो.

काल वारा वायव्येचा होता.
पंपघरातून बोलावणं आलं, तो बूट चढवत म्हणाला,
वाडग्याकडे बघ जरा.
मी विजेरी धरली. एकोणीस.
विसावी होत होती:
एक सीत्स्के काचेला चिकटून
दोन दिशांना निघाली होती,
मधलं अंग ताणून दोऱ्याएवढं झालेलं.
बाहेर पंप सुरू झाल्याचं ऐकू आलं.
मी लाल दिवाही विझवला.
आकडा सकाळी लिहीन.