नारिंगी दोरा

वखारभागातल्या हळदीच्या गोदामात
खरमाटे सरांनी दहा मीटर मोजले
सुताराच्या टेपनं, दोनदा,
आणि चुन्याची रेघ मारली.
म्हणाले, ही पुरातली कृष्णा समजायची.
मी सांगेपर्यंत पलीकडं पाय टाकायचा न्हाई.
चप्पल वाहून गेली तरी
जाऊ दे.

भिंतींची पिवळी भुकटी अजून सुटायची,
शिंकेवर शिंक, आणि शिंक आली की आधी
बंदूक खाली, मग शिंक.

पहिला आठवडा बंदूक नाहीच.
नुसता दोरा दिला हातात,
गवत कापायच्या मशिनीचा, नारिंगी,
नळीच्या दोन्ही टोकांनी वीतभर बाहेर येईल एवढा.
तो आरपार दिसतोय तोवर बंदूक मुकी.
"आणि रिकामी हाय म्हणला कोण,
तर त्याला दाराबाहेर बसवा.
तीस वर्सं पलटणीत काढली,
रिकामी बंदूक मी बघितली न्हाई."

अभिनंदन चौगुलेनं एकदा मागं वळून विचारलं,
किती वाजले?
तो वळला, त्याच्याबरोबर नळी वळली
माझ्या गळ्यावरून,
भिंतीवरच्या घड्याळावरून,
चहा घेऊन आलेल्या सोहेलच्या पोटावरून.
सर ओरडले नाहीत.
नळी तळहातानं खाली दाबली
आणि सोहेलला म्हणाले,
ह्याचं काय करायचं, तू सांग.
सोहेलनं किटली ठेवली. बराच वेळ विचार केला.
उद्यापासनं चहा ह्यानं आणायचा, म्हणाला.
महिनाभर अभिनंदननं चहा आणला.
दारात थांबायचा किटली घेऊन, आधी विचारायचा,
येऊ का?
आत कुणाचा श्वास रोखलेला असेल
तर चहा निवेपर्यंत तसाच उभा.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी एका गुणानं पुढं होते.
तीन गोळ्या राहिलेल्या.
श्वास अर्धा सोडलेला, बोट चापाला नुकतं टेकलेलं,
आणि पत्र्याच्या फटीतून एक पारवा आला,
चार नंबरच्या टार्गेटवर बसला.
माझी लेन सातवी.

"थांबा!"

आठ बंदुका खाली टेकल्या.
मी हात वर केला: सर, भरलेली आहे.
ते शेजारी येऊन उभे राहिले,
गोळी वाळूच्या पेटीत सोडायला लावली.
मग दोरा. मग दोन पावलं मागं.
त्या आवाजानंही पारवा हलला नाही.
पंख पसरले, पिसं विंचरली,
काळ्या गोलाकडं मान वाकडी करून बघत बसला
जसं काही गुण तोच देणार होता.
अकरा मिनिटं.
कुणी हुश्श केलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही.
सर रेघ ओलांडून एकटेच गेले
आणि टोपीनं त्याला वाट दाखवली.

पुन्हा उभी राहिले तेव्हा
खांदा माझा नव्हता, श्वास दुसऱ्याच कुणाचा होता.
नऊ. आठ. नऊ.

विट्याची संयोगिता जिंकली.
हात मिळवायला आली ती,
माझ्या बंदुकीकडं बघत म्हणाली,
लाकूड छान आहे गं. हात लावू का?
मी हो म्हटलं तेव्हाच लावला तिनं,
तोही आधी दोरा बघून.
त्या दिवसात तेवढंच काय ते
माझ्या बाजूनं झालं.

घरी वडील ताटावर बसले होते.
एका पारव्यापायी?
सातव्या लेनवरनं चौथीतला पारवा कुठं मरतोय?
मी उत्तर दिलं नाही.
मोरीत गेले.
शिसं डोळ्याला दिसत नाही,
म्हणून जेवायच्या आधी साबण दोनदा,
हा गोदामातला शेवटचा नियम.
पहिल्या वेळी पाणी पिवळं गेलं.
बाहेर वडील अजून बोलत होते.
मी दुसऱ्यांदा साबण घेतला,
नखांच्या कडा,
बोटांच्या बेचक्या,
सावकाश.