पसंतीक्रम

रात्री बारापर्यंत भरायचा आहे पसंतीक्रम.
परळच्या हॉस्टेलात, खडखडणाऱ्या पंख्याखाली,
माझ्या नावासमोर रिकामे रकाने
आणि प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक शाखा तयार.

ऋजुताला प्रश्नच नव्हता. ती हाडांची.
लोणच्याची बरणी, गंजलेली कडी, अडकलेला ड्रॉवर,
मजल्यावरचं सगळं तिच्याकडे येतं उघडायला.
नौशाद म्हणतो, कातडी घे. कातडीला रात्रपाळी नसते,
खाज सकाळपर्यंत थांबते.
(त्याला झोप प्रिय आहे आणि तो ते लपवत नाही.)
आई म्हणते, पोरांची डॉक्टर हो,
पोरं तुझ्याकडे बघून गप्प होतात.
होतात खरी. घाबरून.

डॉक्टर अंकलेसरियांनी ऑपरेशन संपल्यावर
हातमोजे काढता काढता सांगितलं:
हात बरा आहे तुझा, टाके सरळ.
पण कापायच्या आधी तू माफी मागतेस.
मी म्हटलं, सर, मी काही बोललेच नाही.
म्हणाले, मनातल्या मनात मागतेस, पण मोठ्यांदा.
सगळ्या थिएटरला ऐकू येतं.

मानसोपचाराच्या ओपीडीत पंधरा दिवस काढले.
लोक बोलून निघून जायचे,
त्यांची घरं मात्र माझ्याबरोबर यायची,
मेसमध्ये, ताटाशेजारी बसायची,
आमटी निवेपर्यंत.

मग भुलेच्या पोस्टिंगला
वरळी कोळीवाड्याची चांगुणाबाय.
पित्ताशयात खडे, मनगटावर हिरवं गोंदण,
बांगड्या उतरेनात म्हणून चिकटपट्टीनं बांधलेल्या.
मी तिच्या डोक्याशी. मॅडमनी खुणावलं, तू बोल.
म्हटलं, मावशी, शंभरपासून उलटे आकडे म्हणा.
मास्कखालून तिनं पाहिलं माझ्याकडे,
बाजारात नवख्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.
"शंभरच्या खाली मी येत नाय."
नव्व्याण्णव तरी, मावशी.
"नव्व्याण्णव." फार उपकार केल्यासारखं.
"अठ्ठ्याण—"
आणि मूठ सैल.

पुढचे दोन तास सगळे तिच्या पोटात पाहत होते.
तिच्या चेहऱ्याकडे आम्ही दोघीच, मी आणि मॅडम.
मशीनचा सूर जरा उतरला
की कानाआधी पाठीला कळायचं.

बाबा फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्ट चालवायचे.
चौतीस वर्षं. जाळीचं दार, लाकडी स्टूल, पितळी दांडा.
कोण कुठल्या मजल्यावर कशाला चाललंय, विचारायचे नाहीत.
वकील, कर्जदार, टायपिस्ट.
एकदा डोळे पुसत एक म्हातारा आला,
त्याला तळमजल्याची घाई नव्हती,
तर त्याला घेऊन दोन फेऱ्या जास्त मारल्या, उगाचच.
दांडा असा सोडायचे
की लिफ्ट आणि फरशी यांच्यात
बोटभरही पायरी राहायची नाही.
लहानपणी मी डोळे मिटून उभी राहायचे आत,
थांबलो कधी ते कळायचंच नाही.
दहावीत असताना मी रागानं विचारलं होतं,
एवढ्या वर्षांत तुमचा चेहरा तरी कुणाला आठवतो का?
बाबा म्हणाले, पोचले ना सगळे?
आणि पुन्हा भात कालवू लागले.

अकरा चाळीस. ऋजुता घोरतेय.
पहिल्या रकान्यात भूलशास्त्र लिहिलं,
पुसलं. चहा केला. पुन्हा लिहिलं.
नौशादला मेसेज केला: रात्रपाळ्या आहेत.
त्याचं उत्तर नाही. झोपला असणार.

त्या दिवशी रिकव्हरीत चांगुणाबायनं डोळे उघडले,
घसा बसलेला, नजर अजून पाण्याखाली,
आणि माझी बाही धरून विचारलं,
"कितीला गेला?"
म्हटलं, अठ्ठ्याण्णवला.
बराच वेळ छताकडे बघत राहिली.
"दोन रुपये सोडले," म्हणाली,
"तुझं तोंड बघून."