उजवी कड

निगेटिव्ह एकच. ग्युम्रीतलं अंगण,
हामाझास्पची मळकी टोपी,
आणि त्याच्या काखेतून निसटू पाहणारं
चिडलेलं बदक.

पासपोर्टसाठी कानापासून कानापर्यंत कापला,
तर फरारी गुन्हेगार दिसला.
लेकीला मार्सेला पाठवायला खांद्यांपर्यंत ठेवला.
तिनं त्याच रात्री फोन केला :
बाबांच्या डोळ्यांत पाणी का?

हसून हसून आलं होतं गं.
पण बदक माझ्या कात्रीखाली गेलेलं.

आता पाथरवट आलाय.
काळ्या दगडावर कोरायला चेहरा हवा,
शांत, गंभीर.
कापून दिला.
या खेपेला मात्र हात
जरासा उजवीकडे सरकला,
खांद्यामागे पांढरा पंख राहून गेला.

'देवदूत का हो?' पाथरवटानं विचारलं.

कोर बाबा, म्हटलं. नीट कोर.