जागल्या

धुळ्यात, पारोळा रोडला, दुसऱ्या मजल्यावर
सहा खुर्च्या, सहा मशीन.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
चार नंबरला झुलाल बेडसे.
वय एकाहत्तर. कोरडं वजन त्रेपन्न किलो.
आज भरलं पंचावन्न सातशे.
"पाणी जास्त झालंय बाबा," मी म्हणते.
ते पंख्याकडे बघतात.
"मे महिनानं ऊन शे माय. माठ हाका मारस."

तीस वर्षं हा माणूस
पांझरेच्या फडावर जागल्या होता.
पाणी कुणाला, किती वेळ, हे पंचांनी ठरवायचं,
यानं फक्त जागायचं.
रात्रभर खांद्यावर फावडं, हातात कंदील,
एक बारं मोड, दुसरं बूज.
सख्खा भाऊ असो की साडू,
पाळी संपली की संपली.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना चित्र काढून दाखवलं,
औषध कंपनीच्या पॅडवर:
कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडं,
प्रत्येकात दहा-दहा लाख गाळण्या.
दिवसाला एकशे ऐंशी लिटर
त्या रक्तातून गाळून काढतात...
"एकशे ऐंशी? मंग मानूस मुतीमुतीच मरी जाई!"
पलीकडच्या खुर्चीतल्या शकुंतलाबाई हसल्या,
त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला.
नाही बाबा, बाहेर जातं दीड लिटर.
बाकी सगळं परत.

ते गप्प झाले. पंप फिरत राहिला.
मग हळूच म्हणाले, म्हणजे
आधी सगळंच पाटात सोडून द्यायचं,
आणि मग वाटेवर उभं राहून
आपलं आपलं ओळखून
हाताला धरून घरी आणायचं.

मी तीन वर्षं हे शिकले होते.
असं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमची भाषाच बदलली.
साखर घरची पोर, ती वेशीवरूनच परत येते.
युरियाला कुणी अडवत नाही, सांडव्यावरून सरळ नदीला.
मिठाचं मात्र चिठ्ठीवर चालतं;
मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी
चिठ्ठी लिहिते, आज एवढं ठेवा.
"आनि पंच?" त्यांनी विचारलं.
मला उत्तर आलं नाही.
पंच कुणीच नाही बाबा.
तरी कुणाचा वाफा कोरडा राहत नव्हता.

लेक रावेरला दिलेली. जावयाची केळीची बाग.
संक्रांतीला नातवानं सोललेली तीन केळी
नाही म्हणवेना म्हणून खाल्ली.
रात्री आणलं तेव्हा मॉनिटरवरची लाट
टोकदार उभी, तंबूसारखी,
आणि दोन ठोक्यांमधलं अंतर
कुणीतरी ओढून लांबवत नेत होतं.
घामेजलेला नातू दाराशी उभा,
खिशात अजून एक केळं.

दोष कुणाचा, हे ते स्वतःच सांगतात.
जागल्या झोपला नव्हता.
मीच वीस वर्षं बीपीची गोळी खाल्ली नाही.
वरून एवढ्या जोरानं पाणी सोडलं
तर बांध तरी काय करेल?

डाव्या मनगटावर धमनी शिरेला जोडलेली,
बोट ठेवलं की थरथरते.
झोप लागत नाही तेव्हा ते हात कानाशी नेतात.
"पाट चालू शे," म्हणतात, आणि कूस बदलतात.

चार तास संपतात.
नळीतलं रक्त मी मिठाच्या पाण्यानं पुढे ढकलते,
लाल, मग गुलाबी, मग जवळजवळ काहीच नाही.
ते मान वर करून शेवटपर्यंत बघतात.
"समदं वापस उनं ना?"
आलं बाबा.
मग बाटलीचं झाकण भरून पाणी,
तोंडात धरून, सावकाश.

त्या रात्री तीनला मला जाग आली.
उठले, दिवा न लावता जाऊन आले.
परत आडवी झाले तर पाठीशी,
बरगड्यांच्या खाली,
कंदील घेऊन कुणी तरी पुढच्या बाऱ्याकडे निघालेलं.
मी कधी त्याचं नाव विचारलं नव्हतं.