आधी दोन बादल्या

टँकरवाल्याने विचारलं, टाकी कुठंय?
काझी मास्तर म्हणाले, टाकी नाही. फरशीवर सोड.
त्याने आमच्याकडे पाहिलं,
मग माझ्या लाल गाडीकडे,
मग आभाळाकडे, जिथे काहीच नव्हतं.

जालन्याबाहेर बंद सूतगिरणीचं आवार.
सिमेंटचा चौक, भेगांतून आलेली घाणेरी,
जुन्या टायरांचे चार ढीग, ज्यांना धडकायची मला मुभा होती.
पण व्हॉल्व्ह सुटायच्या आत
वॉचमनची सरूबाई पाइपाखाली बादली धरून म्हणाली,
आधी माझ्या दोन. मग तुमचा खेळ.
भरेपर्यंत आम्ही तिघं गप्प उभे राहिलो.

मी पॅथॉलॉजिस्ट. वय एक्कावन्न.
गाडी सेकंडहँड, सळईवाल्या शेठच्या पोराची.
त्याने ती आषाढात अंबड रोडला
तीन गिरक्या घेत मोसंबीच्या बागेत नेली होती.
दोघांनाही खरचटलं नाही,
फक्त एकमेकांवरचं मन उडालं.

पहिल्या रविवारी चावी मास्तरांच्याच खिशात.
बावीस वर्षं शेंद्र्याच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होते ते.
उकिडवे बसून टायरच्या खाचेत नाणं खुपसलं:
पाण्याला वाट द्या, डॉक्टरीणबाई,
नाहीतर ते आपली वाट लावतं.

दुसऱ्या रविवारी ते मदतीचं बटण बंद केलं.
तीसच्या वेगाने गोल, गोल,
आणि म्हणाले, आता द्या जरा.
दिलं.
मागची चाकं सुटली,
मी दचकून पाय उचलला,
आणि चिमणी, फाटक, सरूबाई,
चिमणी, फाटक, तोंडाला पदर लावलेली सरूबाई.

मास्तर हसले नाहीत.
पाय दचकला की वजन पुढं पळतं, मागचं पोरकं होतं.
पाय काढा, पण झोपलेल्याच्या अंगावरून
चादर काढतात तसा.

हे मला हाताने कळत होतं, पायाने नव्हतं.
म्हाताऱ्यांची शीर बोटाखालून निसटते,
तिचा पाठलाग केला की सुई हुकते.
थांबायचं, बोट हलकं ठेवायचं, ती परत येते.
तीस वर्षं हेच करतेय.
आता तेच कंबरेने शिकायचं,
कारण गाडी सरकते ते आधी कंबरेला कळतं.

ढिगाकडे बघू नका, ते ओरडायचे,
बघाल तिकडंच जाल!
तीनदा बघितलं, तीनदा गेले.
चौथ्यांदा मान वळवून फाटकाकडे पाहिलं
आणि हात आपले आपण उलटे फिरले,
मग सरळ.

वळणाचं मात्र डोक्यात शिरेना.
ब्रेक सरळ असताना, मग वळण;
दोन्ही एकदम मागितलं
तर ओला टायर एकही देत नाही.
मी दोन्ही मागतच होते.
शेवटी वैतागून त्यांनी सरूबाईकडे बोट केलं:
आधी तिच्या दोन बादल्या. मग खेळ.

सात रविवार, सात टँकर.
सातव्याला तिने चार बादल्या आणल्या होत्या.
मास्तरांनी ते बटण पुन्हा चालू केलं,
रस्त्यावर हे बंद केलंत तर माझी ओळख सांगू नका.

भाद्रपद. रात्रीचे साडेअकरा, बदनापूरच्या अलीकडे.
ट्रॅक्टरने शेतातून ओढून आणलेली काळी माती
डांबरावर, पावसाने तिचं लोणी झालेलं.
त्याच्याही आधी, ट्रकांनी दाबलेल्या चाकोरीत साठलेलं पाणी,
आणि स्टिअरिंग अचानक हलकं,
पलीकडून कुणी फोन ठेवावा तसं.

ब्रेकला शिवले नाही.
चादर काढली.
हात सरळ.
एक.
दोन.
खरखर परत आली तळव्यांत.
पुढे पुलाचं वळण, तिथेच ती माती,
मी एकटीच मोठ्याने म्हणाले,
आधी दोन बादल्या.

काही झालं नाही.
घरी पोचून, बारा वाजून गेले तरी,
मास्तरांना तेच सांगायला फोन केला.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
स्पीड किती होता?
साठ.
पन्नास ठेवा, म्हणाले,
आणि फोन ठेवला.