मधला आवाज

कॅसेट सॅमसनच्या मामानं मस्कतहून आणलेली.
कव्हर नव्हतं. पहिल्या बाजूवर निळ्या शाईत
नुसतं ‘चार जण’.
उद्यमनगरात, मगदुमांच्या पॅटर्न शॉपच्या माळ्यावर
सागवानी भुशात बूड टेकून
आम्ही ती ऐकली, शिफ्ट सुटल्यावर.

शब्द कळले नाहीत. शब्दांवाचून अडलंही नाही.
एक गिटार, तारा जरा सैल ठेवल्यागत,
आणि तीन गळे एकाच वेळी
तीन निराळ्या ठिकाणी उभे.
आण्णाप्पा म्हणाला, ह्यातलं चुकतंय कोण?

आमच्या आरतीत सगळे एकाच सुरावर चढतात,
ज्याचा गळा मोठा त्याची देवापाशी वट.
हे तसं नव्हतं.
हे रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे,
हातभर अंतर राखून, एका चालीनं.

चौघे चार बँडांतले, मग एकत्र कसे?
इलाही पेठेच्या संघाचा गोलकीपर. तो म्हणाला,
समज, चार तालमींचे चार कॅप्टन
एका जर्सीत उतरले.
बघायला गाव लोटंल रे,
पण हंगाम संपायच्या आत डोकी फोडून घेतील.
तसंच झालं म्हणे. भांडले, फुटले, जुळले, परत फुटले.
आमच्यापर्यंत बातम्या दहा वर्षं उशिरा यायच्या,
आम्ही मात्र ताज्या दुःखानं चहा थंड करायचो.

सॅमसन चर्चमध्ये खालचा सूर धरायचा.
त्यानंच वाटण्या केल्या.
खालचा स्वतःला, वरचा इलाहीला,
आण्णाप्पाला गिटार, कारण गिटार त्याची होती.
उरला तो मला. मधला.
तुझा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही, म्हणाला,
पण तू थांबलास तर सगळ्यांना कळंल.

तीस वर्षं गातोय मी ती मधली ओळ.
लेथवर, आंघोळीत,
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, म्हैस वळून बघेपर्यंत.
एकटी मधली ओळ म्हणजे गाणंच नव्हे.
दोन सुरांवर येरझारा, जरा वर, परत जागेवर,
गेटापाशी वॉचमन जसा.
बायको विचारायची, कसला मंत्र हा?
परवा मुलीनं मोबाईलवर मूळ गाणं शोधलं,
पुरतं ऐकलं, आणि फार जपून म्हणाली,
पप्पा, तुम्ही आयुष्यभर चुकीचं गाताय.

आता हिला काय सांगायचं.
इलाही गेला एकवीसच्या मे महिन्यात,
सीपीआरमध्ये, आम्हाला आत सोडलं नाही.
सॅमसन इचलकरंजीला लेकाकडे, ऐकू कमी येतं.
आण्णाप्पाची गिटार आहे, तारा नाहीत.
कॅसेट माझ्याकडे. बायकोच्या नेलपॉलिशनं दोनदा चिकटवलेली.
दुसऱ्या कडव्यात एका जागी फीत चुरगळलीय,
तिथं क्षणभर सगळे पाण्याखाली जातात.
आम्ही तेही पाठ केलेलं,
बुडी मारायची, नाकात पाणी न जाता वर यायचं.
मूळ गाण्यात ती बुडी नाहीच.
हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, मुलीच्या मोबाईलवर,
आणि मूळ गाणं जरा उथळ वाटलं.

काल शॉप बंद करताना
कॉम्प्रेसर चालू राहिलेला.
त्याचा सूर सॅमसनच्या जवळपास, किंचित खाली.
मी माझी ओळ धरली.
वरची जागा मोकळी सोडली.
बुडीच्या जागी बुडलो.
शेजारच्या फौंड्रीतलं पोरगं दारात आलं,
हातात काळपट मोजे, बराच वेळ उभं.
मग म्हणालं, काका, गाणं कधी सुरू करताय?
म्हटलं, चालूच हाय की.